मदरंगी, बाटली क्रमांक सतरा

हसीनाबींच्या कुंपणातली फांदी
ओल्या फडक्यात गुंडाळून काकतीहून आणली.
कंडक्टर म्हणाला, मेंदी व्हय? लग्न कुणाचं?
म्हटलं, कुणाचंच नाही.
त्यानं सुटे पैसे दिले नाहीत.

अर्ध्या सेंटिमीटरचे तुकडे केले,
ब्लीचमध्ये पाच मिनिटं, मग तीन पाणी,
आणि अगारवर टेकवले, हलक्या हातानं.
चौदा बाटल्यांना बुरशी लागली.
उरल्या त्यांतली ही सतरा.
तिसऱ्या आठवड्यात तिच्यात पान उरलं नाही, देठ नाही,
नुसता भुसभुशीत गोळा,
आदल्या दिवशीच्या साबुदाण्यासारखा.
याला ऊन माहीत नाही,
कुंपण ओरबाडणारी शेळी तर नाहीच.

हिरेमठ मॅडम लेबलवर कन्नडमध्ये लिहितात मदरंगी.
खाली मी मेंदी.
ऑटोक्लेव्हच्या वाफेत दोन्ही शाया ओघळतात,
वाचता येतो तो सतरा,
कारण तो मी काचेवर कोरलाय.

आमचे बाबा वडगावात सूत रंगवायचे.
लडी पिळून उंबऱ्याशी धरायचे,
उन्हात नाही, सावलीतही नाही,
जिथं दोन्ही मिळतात तिथं.
डोळे बारीक करून म्हणायचे, अजून एक उकळी.
ते हातमागवाल्यांना पुरायचं.
नखं शेवटपर्यंत निळी होती त्यांची,
मर्तिकाला आलेल्या एकानं
डॉक्टरला विचारलंही, हे कशानं?

पुस्तकात लिहिलंय, जिवंत पानात तो रंग सुटा नसतोच,
साखरेला बांधलेला असतो.
पान चिरडलं, की सुटतो.
हे वाचलं त्या दिवशी मी खलबत्ता
जरा जास्तच वेळ घासला.

मग मोजणी.
आधी कोरा क्युवेट, नुसतं द्रावण, म्हणजे शून्य.
मग पाच प्रमाणित नळ्या, फिक्या चहापासून
कडक चहापर्यंत.
चारशे बावन्नवर यंत्र लावलं
आणि करंट गेला.
शहापुरातल्या कुणाच्या तरी वरातीचा बँड
अंधारात स्पष्ट ऐकू येत राहिला.
करंट आला. पुन्हा शून्यापासून.

कुंपणाचं पान: ग्रॅमला अकरा पूर्णांक चार मिलिग्रॅम.
सतरा: शून्य पूर्णांक सहा.
मी तीनदा मोजलं. तिसऱ्यांदा पाच आलं.

इष्टेना, मॅडम म्हणाल्या, इतकंच?
आणि चष्मा पुसत खिडकीपाशी गेल्या.
प्रबंधाला अकरा महिने उरलेत,
हे दोघींनी मनात, आपापल्या भाषेत मोजलं.

रविवारी उरलेला गोळा डबीत घालून
हसीनाबींकडे गेले. नियमात बसत नाही हे.
डबीत बोट घालून म्हणाल्या, ये क्या लाई गे, पिठलं?
पण लावून घेतला, डाव्या तळव्यावर, रुपयाएवढा,
वर लिंबू पिळलं,
आणि तेवढा वेळ मला
कुंपणाच्या हद्दीवरून शेजाऱ्याशी झालेलं भांडण सांगितलं,
सर्व्हे नंबरसकट.

चार वाजता धुतलं.
हळदीचा डाग चौथ्या धुण्यात उरतो, तितकं.
त्या उठून दाराशी गेल्या,
तळवा उंबऱ्यावर धरला,
उन्हात नाही, सावलीत नाही,
डोळे बारीक केले.
मला एकदम घशात काहीतरी झालं, मी पाणी मागितलं.

मशीन क्या बोल्या, त्यांनी विचारलं.
शून्य पूर्णांक सहा.
म्हणजे है, म्हणाल्या. फिर रख ना अजून थोडे दिन.

सोमवारी सतराचे दोन भाग केले.
एक अंधारात ठेवला, एक ट्यूबलाइटखाली.
वहीत तळव्यासाठी रकाना नव्हता,
मार्जिनमध्ये पेन्सिलनं लिहिलं: रुपयाएवढा, चार तास, लिंबू.
मग चिमटा जाळून घेतला
आणि अठराचं झाकण उघडलं.